स्वमग्न मूल आणि विमानप्रवास

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याने निघालेला प्रवासी दापोडी व फुगेवाडी मागे टाकून कासारवाडीस पोहोचला म्हणजे नाशिक फाट्यावरील दुमजली उड्डाणपूल त्याच्या दृष्टीस पडतो. या पुलास भारतरत्न जे. आर. डी. टाटा यांचे नाव आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी याच गृहस्थांनी टपालाच्या पिशव्या घेऊन एक चिमुकले, एकाच यंत्राचे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर आणून उतरविले. वाटेत अहमदाबादेस त्या विमानासाठी इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले होते, असे सांगतात. त्या काळी विमानातून पत्रे जात. माणसे त्याकडे मान वर करून पाहत. आज भोसरीच्या कारखान्यात काम करणारा मनुष्यही प्रसंगी विमानाने गावी जातो. कासारवाडीहून भोसरी, दिघी, विश्रांतवाडी असे करीत लोहगावचा विमानतळ अवघा चौदा-पंधरा किलोमीटर. तथापि काही घरे अशी आहेत की, तेथील माणसांना हे चौदा-पंधरा किलोमीटर ओलांडणे कराचीच्या उड्डाणाइतकेच साहसाचे वाटते.

अशा एका घराची आपण कल्पना करू. वडील कारखान्यात जुळारी. आई पूर्वी शिवणाचे काम घेत असे, आता घेत नाही. कारण नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे व त्यास क्षणभरही एकटे सोडून भागत नाही. घर रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. लोणावळ्याकडची लोकल किती वाजता यावयाची हे मुलास तोंडपाठ असून मालगाडीचे शेवटचे डबे मोजून झाल्याशिवाय तो खिडकी सोडीत नाही. आईचे माहेर नागपूर. चार वर्षांपूर्वी त्यास रात्रीच्या गाडीने तिकडे नेले होते. मनमाडच्या पुढे केव्हातरी डब्यातील दिवे कोणीतरी एकाएकी लावले, आणि तो जो किंचाळू लागला तो भुसावळपर्यंत थांबला नाही. सारा डबा उठून बसला. कोणी बिस्किट पुढे केले, कोणी भूतबाधेवरचा उपाय सांगितला, आणि एका गृहस्थांनी, "अशा पोराला घेऊन निघावंच कशाला?" असा प्रश्न केला. तेव्हापासून ती बाई माहेरी गेलेली नाही. धाकट्या भावाच्या लग्नासही नाही. आता तिची आई अंथरुणास खिळली आहे. रेल्वेचे चौदा-पंधरा तास नकोत म्हणून विमानाचा दीड तास, असा विचार घरात निघतो, आणि लगेच मागे घेतला जातो. हे कुटुंब कल्पिलेले आहे. त्याची अडचण मात्र कल्पिलेली नाही.

स्वमग्न हा शब्द ऐकून पुष्कळांचा असा समज होतो की, हे मूल आपल्याच विचारात गुंग असते, त्यास बाहेरचे काही जाणवत नाही. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. त्यास बाहेरचे फार जाणवते. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर नावाच्या वैद्याने ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या अवस्थेचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. या मुलांना भोवतालचे सर्व काही होते तसेच राहावे असा तीव्र ध्यास असतो, हे त्याने तेव्हाच टिपून ठेवले होते. पुढे २०१३ साली निदानाचे निकष सुधारण्यात आले, तेव्हा आवाज, उजेड, स्पर्श, वास यांची अतितीव्र किंवा फार मंद जाणीव हेही एक लक्षण म्हणून त्यांत समाविष्ट झाले. आईबापांच्या थंड वागणुकीने मूल असे होते, असे एक मत मध्यंतरी विद्वानांत रूढ होते व त्याने कित्येक मातांचे आयुष्य नासले. ही अवस्था मेंदूच्या जन्मजात घडणीतून येते, तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता निर्विवाद ठरले आहे. विद्वानांनी ते जुने मत टाकून दिले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अद्याप टाकलेले दिसत नाही.

आता अशा मुलाच्या दृष्टीने विमानतळाकडे पाहू. वरवर पाहता ही जागा त्यास मानवावी अशी आहे. तेथे सर्व काही क्रमाने चालते. दारांना क्रमांक, रांगांना क्रमांक, आसनांना क्रमांक; फलकावर उड्डाणांची यादी, तिच्यात तास आणि मिनिटे. ज्या मुलास लोकलचे वेळापत्रक पाठ आहे त्यास हा फलक म्हणजे मेजवानीच. किंबहुना असे मूल तासभर त्या फलकासमोर निश्चल उभे राहिले तर नवल नाही. मात्र हा क्रम मोडतो कोठे, तेही पाहिले पाहिजे. तपासणीच्या पट्ट्यावर त्याच्या हातातील प्लास्टिकची आगगाडी काढून घेतली जाते आणि काळ्या भोकात नाहीशी होते. ती पलीकडे निघणार आहे हे त्यास कोणी सांगितलेले नसते. गणवेषातील अनोळखी मनुष्य यंत्र घेऊन त्याच्या अंगावरून फिरवितो. ध्वनिक्षेपकातून घोषणा अंगावर कोसळतात. हात वाळविण्याचे यंत्र स्वच्छतागृहात एकाएकी गर्जते. शेवटी फलकावरील वेळ बदलते, आणि बाबांनी 'सव्वादहा' सांगितलेले असताना पावणेबारा होतात. मोठ्या माणसास हा नुसता उशीर. या मुलाच्या लेखी मात्र जगाने दिलेला शब्द मोडलेला असतो.

म्हणून या प्रवासाची खरी तयारी सामान बांधण्याच्या कितीतरी आधी सुरू होते, आणि ती एका शब्दात सांगावयाची तर 'आधी कळविणे' ही होय. अमेरिकेत कॅरल ग्रे या शिक्षिकेने १९९०च्या सुमारास अशा मुलांसाठी लहान लहान चित्रगोष्टींची पद्धत प्रचारात आणली. पुढे काय घडणार, तेथे कोण भेटेल, आपण काय करावयाचे, हे साध्या वाक्यांत व चित्रांत मुलाच्या हाती द्यावयाचे. यास महागडे साहित्य लागत नाही. एका पुठ्ठ्यावर दहा चौकोन आखावेत. पहिल्यात घर, दुसऱ्यात रिक्षा, तिसऱ्यात विमानतळाचे दार, चौथ्यात तपासणीचा पट्टा व त्यातून बाहेर पडणारी तीच आगगाडी, असे करीत शेवटच्या चौकोनात आजी. एक टप्पा झाला की मुलाने त्यावर काट मारावी. येथे एक गोष्ट अनुभवी आईबाप आवर्जून सांगतात: या पुठ्ठ्यावर घड्याळाची वेळ लिहू नये. वेळ ही विमान कंपनीच्या हातची गोष्ट, क्रम हा आपल्या हातचा. 'सव्वादहाला विमान' असे सांगितले तर ते खोटे ठरू शकते. 'पट्ट्यानंतर खुर्ची, खुर्चीनंतर विमान' हे दोन तासांच्या उशिरानेही खोटे होत नाही. लोहगावात ही सावधगिरी अधिकच हवी, कारण तेथील धावपट्टी हवाई दलाची असून नागरी विमाने तिचा वापर करतात.

पुठ्ठ्यावरचे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले तर अधिक चांगले. बोस्टन शहराच्या लोगन विमानतळावर २०११ साली या कामी एक रंगीत तालीम सुरू झाली. कुटुंबांनी सामानासह यावे, तिकीट दाखवावे, तपासणीतून जावे, खऱ्या विमानात बसून पट्टे बांधावेत, आणि विमान जमिनीवरून तसूभरही न हलता सर्वांनी उतरून घरी जावे. पुढे अमेरिकेतील इतर अनेक शहरांनी ही प्रथा उचलली. पिट्सबर्गच्या विमानतळावर जड यंत्रे चालविणाऱ्या एका कामगाराने, आपल्या स्वमग्न मुलासाठी शांत जागा असावी, असे वरिष्ठांस सुचविले. त्यातून २०१९ साली तेथे एक खोली उभी राहिली व तिला त्या मुलाचेच नाव दिले गेले. मंद दिवे, आवाज शोषणाऱ्या भिंती, आणि आत विमानाच्या अंतर्भागाची हुबेहूब प्रतिकृती. मोठ्या साहेबांच्या समितीस जे सुचले नाही ते यंत्रावरच्या कामगारास सुचले, यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. ज्याचे जळते त्यास कळते.

अशी तालीम जेथे मिळत नाही तेथे काय करावे? कासारवाडीकरांच्या दाराशी एक साधन आहे, त्याचा या कामी कोणी विचार केलेला दिसत नाही. मार्च २०२२ मध्ये पिंपरीपासून फुगेवाडीपर्यंत मेट्रो सुरू झाली व तीत कासारवाडीसही स्थानक मिळाले. मेट्रोत शिरताना काय करावे लागते? धातुशोधक चौकटीतून जावे लागते, पहारेकऱ्यापुढे उभे राहावे लागते, तिकीट यंत्राला दाखवावे लागते, घोषणा ऐकाव्या लागतात, सरकत्या जिन्याने चढावे लागते, आणि आपोआप मिटणाऱ्या दारांच्या डब्यात बसावे लागते. विमानतळाची ही निम्मी उजळणी झाली, आणि तीही थोडक्या पैशांत. पहिल्या दिवशी फक्त चौकटीपर्यंत जाऊन परतावे. दुसऱ्या खेपेस आत. तिसऱ्या खेपेस एक स्थानक. मूल कंटाळले तर माघार घ्यावी. गर्दीच्या वेळी तर जाऊच नये. चौकटीत घंटा वाजली तर त्यात भिण्यासारखे काही नाही, हे त्यास दहा वेळा अनुभवू द्यावे. महिनाभर असे केल्यावर लोहगावची चौकट ही ओळखीच्या चौकटीची थोरली बहीण ठरते.

येथपर्यंत आईबापांचे कर्तव्य झाले. आता दुसऱ्या पक्षाकडे वळले पाहिजे, कारण सर्व तयारी करूनही दाराशी अडविले गेलेले लोक या देशात आहेत. ७ मे २०२२ रोजी रांचीच्या विमानतळावर विशेष गरजा असलेला एक किशोरवयीन मुलगा आईवडिलांसह हैदराबादच्या विमानाची वाट पाहत होता. विमानतळापर्यंतच्या प्रवासाने तो बेचैन झाला होता. आईवडिलांनी समजावून, खाऊपिऊ घालून त्यास शांत केले. परंतु याच्यामुळे इतर प्रवाशांस धोका आहे, असे ठरवून विमान कंपनीच्या माणसांनी त्यास घेण्याचे नाकारले. प्रवाशांत डॉक्टर होते. वाटेत काही झालेच तर आम्ही पाहू, असे त्यांनी सांगितले. इतर प्रवाशांनीही रदबदली केली. उपयोग झाला नाही. विमान गेले, आणि ते तिघे मागे राहिले. म्हणजे ज्यांना धोका आहे असे म्हटले जात होते तेच त्या मुलाच्या बाजूने उभे होते! विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी करून त्याच महिन्यात कंपनीस पाच लाख रुपये दंड केला, आणि जुलैमध्ये नियम दुरुस्त केला. अपंगत्वाच्या कारणावरून कोणासही प्रवास नाकारता येणार नाही. प्रवासात या व्यक्तीची प्रकृती बिघडेल अशी शंका कंपनीस आली तर डॉक्टरांकडून तपासणी करवून, प्रवासास योग्य की अयोग्य याचे स्पष्ट मत घ्यावे, असा तो नियम आहे. नकार देणाराने आपली कारणे लेखी द्यावयाची असतात, हेही ध्यानात ठेवावे. तोंडी 'नाही' म्हणणे सोपे असते. कागदावर सही करून 'नाही' म्हणताना मनुष्य एकदा विचार करतो.

याच्या दहा वर्षे आधी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, जीजा घोष नावाच्या विदुषी कोलकात्याहून गोव्यास निघाल्या होत्या. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. अपंगांच्या हक्कांसाठी त्या काम करीत. मुंबईच्या 'अडॅप्ट' या संस्थेच्या परिषदेस त्यांना जावयाचे होते. आसनावर बसल्यानंतर त्यांना विमानातून उतरविण्यात आले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि मे २०१६ मध्ये न्यायालयाने कंपनीस दहा लाख रुपये भरपाई देण्यास फर्माविले. त्याच वर्षी संमत झालेल्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मोजली असून स्वमग्नता त्यांतील एक आहे. तेव्हा नागपूरला निघालेली ती आई कोणाची मेहेरबानी मागत नाही, हे तिने व तिकीट तपासणाराने दोघांनीही ओळखावे.

तिकीट काढतानाच, किंवा निदान प्रस्थानाच्या ४८ तास आधी, मूल स्वमग्न असल्याचे कंपनीस कळवावे. विमान कंपन्यांच्या सांकेतिक भाषेत यासाठी डी.पी.एन.ए. अशी चार अक्षरे आहेत. बौद्धिक किंवा विकासविषयक अपंगत्वामुळे मदत लागणारा प्रवासी, असा त्यांचा अर्थ. खिडकीवरच्या माणसाला लांबलचक कर्मकहाणी ऐकविण्यापेक्षा ही चार अक्षरे नोंदवून घेणे सोयीचे. अपंगत्वाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६ साली सूर्यफुलांची हिरवी फीत निघाली. ती गळ्यात असली म्हणजे या प्रवाशास न दिसणारे अपंगत्व आहे हे कर्मचाऱ्यांनी न विचारता ओळखावयाचे. भारतातही काही विमानतळांनी ही खूण स्वीकारली आहे, बेंगळुरू त्यांपैकी एक. बारा वर्षांपर्यंतच्या मुलास आईवडिलांपैकी एकाशेजारी जागा द्यावी, असे एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांस बजावण्यात आले, हेही ठीक झाले. मात्र स्वमग्नता बाराव्या वाढदिवशी संपत नाही, हे नियम करणारांच्या ध्यानी आले असते तर बरे झाले असते.

विमानात सर्वांच्या आधी बसवून देण्याची सवलत अशा कुटुंबांना पुष्कळदा देऊ केली जाते. देणाराचा हेतू चांगला असतो, पण ती घ्यावी की नाही हे मूल पाहून ठरवावे. आधी बसणे म्हणजे बंद जागेत अर्धा तास अधिक बसणे, आणि शंभर-दीडशे माणसे अंगावरून जाताना पाहणे. पुष्कळ घरी वडील सामान घेऊन आधी जातात व आई मुलास घेऊन अगदी शेवटी येते, ते यासाठीच. शक्य तर खिडकीजवळ मूल, मध्ये आई, कडेला बाबा.

चालत्या विमानातील आवाज ऐंशी-पंच्याऐंशी डेसिबलच्या घरात असतो. कान झाकणारी साधने घरीच वापरून सवय झालेली हवी. उड्डाणानंतर चाके पोटात घेताना पायांखाली धाडकन आवाज होतो, थोड्या वेळाने यंत्रांचा सूर एकाएकी खाली येतो. ही दोन्ही चित्रे पुठ्ठ्यावर असावीत. आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तसा ठेवलेला असतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही विरळ. चढताना कानातील हवा सहज बाहेर पडते. उतरताना ती आत शिरण्यास घशातील नळी उघडावी लागते, आणि ती गिळल्याने, चघळल्याने उघडते. यास्तव आवडीचे चघळण्याचे खाणे चढतानाच संपवू नये, उतरण्यासाठी राखून ठेवावे. पुण्याहून नागपूर सखल, तेव्हा उतरण हीच खरी कसोटी. मुलास झोप यावी म्हणून सर्दीखोकल्याचे औषध पाजण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. तो डॉक्टरांस विचारल्याशिवाय मानू नये. काही मुले त्या औषधाने झोपण्याऐवजी अधिकच उसळतात, आणि हा शोध आकाशात लागणे बरे नव्हे.

इतके करूनही मूल रडेल. नागपूरच्या अलीकडे, विमान उतरू लागले असता, कानांवर हात ठेवून तो ओरडू लागेल, पुढच्या आसनास लाथा मारील. पुढचे गृहस्थ मागे वळतील. "अहो, पोराला जरा आवरा की!" त्या वेळी आईच्या तोंडून शब्द फुटणे कठीण असते, म्हणून तिने ते घरूनच पाठ करून यावे, किंवा चिठ्ठीवर लिहून आणावे: "काका, तो स्वमग्न आहे. त्याचे कान दुखतात. दहा मिनिटांत उतरू." पुढच्या गृहस्थांनीही त्या दहा मिनिटांत करावयाचे ते फार थोडे आहे. मुलाशी बोलू नये, त्यास हात लावू नये, चॉकलेट नाचवू नये, त्याच्याकडे टक लावून पाहू नये. "बरं, असू द्या," एवढे आईला म्हणावे व पुन्हा समोर पाहावे.

मग चाके जमिनीस लागतात. लोक नेहमीप्रमाणे उठून उभे राहतात, पिशव्या काढतात, एकमेकांस ढकलतात. त्या तिघांना घाई नसते. वाट मोकळी होईपर्यंत ते बसून राहतात. मुलाच्या मांडीवर तो पुठ्ठा असतो. त्यावर आठ चौकोनांवर काट मारलेली आहे, पेन्सिल बाबांच्या खिशात आहे, आणि पुठ्ठ्याची मागील बाजू परतीच्या चौकोनांसाठी कोरी ठेवलेली आहे.